तू पाटावर बसायला नको होतंस

दादा, तुझं तेरावं काल उरकलं. पाहुणे सकाळच्या एस.टी.नं गेले, भांडी घासून झाली, आई दोन घास खाऊन आडवी झाली. मी तुझ्याच खाटेवर बसून लिहिते आहे, कारण घरातलं एकुलतं एक टेबल अजून तुझ्या बाटल्यांनी आणि कापसाच्या गुंडाळ्यांनी भरलेलं आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू होतास तोवर आपलं एकही भांडण तडीला गेलं नाही. माझा आवाज चढला की तू डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचास. खाटेवर पडलेल्या भावावर ओरडणारी बहीण गावाला बरी दिसत नाही, म्हणून मी तोंड आवरायचे. आता सोंग घ्यायची सोय तुला उरली नाही. तेव्हा मुकाट्यानं ऐक.

पहिलं म्हणजे परवाची शोकसभा. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या, तुझा फौजेतला फोटो टेबलावर ठेवला, त्याला हार घातला. एकामागून एक उठले आणि बोलले. हणमंतरावांनी देशासाठी पाठीचा कणा दिला, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं तुला शत्रूच्या गोळ्या लागल्या म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्यानं त्या मोजून तीन केल्या. मी बायकांत बसून तोंडात पदर कोंबला होता. सगळ्यांना वाटलं, रडते आहे. लढाई संपून महिना झाला होता, दादा. तुझा ट्रक कांद्याची पोती घेऊन चालला होता, घाटात वळणावर कलंडला आणि तू खाली सापडलास. हे तूच मला सांगितलंस, आणि गावात कुणाला कळू द्यायचं नाही अशी शपथही तूच घातलीस. कुणी गोळ्यांचं विचारलं की तू आढ्याकडे बघायचास. लोकांना हवं ते मिळालं की ते लवकर उठून जातात, असं तुझं म्हणणं. पण ते उठत नव्हते, हीच तर माझी तक्रार होती.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून तुला आणायला मी, आई आणि मामा गेलो होतो, आठवतं? छातीखाली तुला काही कळत नव्हतं. चिमटा काढला तरी नाही, विस्तव ठेवला असता तरी नाही. तिथल्या लांबलचक खोलीत तुझ्यासारखे वीस-पंचवीस जवान होते. दर दोन तासांनी घंटा व्हायची आणि दोघे वॉर्डबॉय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांच्या कुशी बदलत जायचे. डाव्या कुशीवरचा उजव्या कुशीवर, उजव्या कुशीवरचा पालथा. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. धडधाकट माणसाला एका जागी बसून रग लागते म्हणून तो नकळत हलतो. याला रग लागणार नाही, म्हणून हा हलणार नाही, आणि जिथं हाड टेकेल तिथलं रक्त थांबून मांस मरेल. तेव्हा याची रग तुम्हाला लागली पाहिजे. आईनं मान डोलावली, मामांनीही डोलावली. मनावर घेतलं मी एकटीनं. अठरा वर्षांची होते, नुकतीच मॅट्रिक झाले होते, आणि मला वाटलं, दोन तासांनी एकदा उठायचं म्हणजे काय मोठंसं.

तू कुंडलला आलास आणि गाव तुला बघायला लोटलं. सकाळी एक टोळकं, संध्याकाळी दुसरं. म्हातारी माणसं घोंगड्यावर पाय दुमडून बसायची आणि चहा होईपर्यंत, चहा झाल्यावर, आणि त्यानंतरही बसायची. तुझा हट्ट असा की वडीलधारी समोर असताना त्यांच्याकडे पाठ करायची नाही, आणि पालथं तर मुळीच व्हायचं नाही. दोन तासांचा गजर झाला की मी दारात येऊन उभी राहायचे आणि तू डोळ्यांनीच मला आत जा म्हणायचास. एकदा मी सगळ्यांदेखत सांगितलं की दादाला वळवायचं आहे, जरा बाहेर बसा. उठले बिचारे. ते गेल्यावर तू माझ्यावर उखडलास.

"मान्सं बसल्यात आन् मी त्येंच्याकडं पाठ करू व्हय गं? मड्यागत पालथा पडू?"

मी म्हटलं, आज मड्यागत पड, म्हणजे खरंखुरं मडं व्हायला वेळ लागेल. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. आणि त्याच दिवसांत तुझ्या माकडहाडावर पहिली जखम झाली. आधी नुसता लाल चट्टा, बोट दाबलं तरी पांढरा न होणारा. मग जांभळा, मग काळा. तुझा तो सगळा मानपान तुझ्या पाठीनं फेडला, आणि निस्तरला मी.

सांगलीच्या दवाखान्यात आपण दोन महिने काढले. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी काळी कातडी कापून काढली तेव्हा माझी मूठ जाईल एवढा खड्डा पडला होता. मी भिंतीला धरून उभी होते. त्या म्हणाल्या, रडायचं तर बाहेर जा, शिकायचं तर हात धू. मी हात धुतले. युसॉलच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाच्या पाण्यात भिजवलेली गॉजची पट्टी खड्ड्यात सैलसर कशी भरायची, कडेला कप्पे सुटले आहेत का ते कसं बघायचं, पू कुठल्या रंगाचा आला तर घाबरायचं, सगळं त्यांनी शिकवलं. एक गोष्ट त्या रोज सांगायच्या. जखम तळापासून भरून आली पाहिजे. वरचं तोंड आधी मिटलं तर आत पोकळी राहते आणि त्यात पू साठतो. तोंड मिटतंय म्हणून खूश होऊ नका, तळ वर येतोय का ते बघा. तू पालथा पडून ते ऐकत होतास. माझ्याइतकंच तुलाही ते पाठ झालं होतं. हे लक्षात ठेव, मला पुढं त्यावर बोलायचं आहे.

घरी आल्यावर मी ट्रकच्या दोन ट्यूबा फुगवून त्यावर गोधडी घातली आणि तुझी खाट केली. ही युक्ती तुझी, मान्य. रोज सकाळी पाणी उकळायचं, चिमटे उकळायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे. तुला स्वतःची पाठ कधी दिसायची नाही, म्हणून पट्टी उलगडली की तू फौजेतल्या साहेबाच्या आवाजात म्हणायचास, "पिछाडीचा रिपोर्ट दे." मी द्यायचे. आज घाण येते आहे. आज कमी आहे. आज तळाशी डाळिंबाचे दाणे दिसायला लागलेत. आज चिंचोक्याएवढीच राहिली आहे. अकरा महिने रोज रिपोर्ट दिला आणि एकदाही खोटं बोलले नाही, वाईट दिवशीसुद्धा नाही. ज्या दिवशी शेवटचं टोक गुलाबी कातडीनं झाकलं त्या दिवशी मी पाटी-पेन्सिल आणून तुला चित्र काढून दाखवलं. तू ते बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, ह्यो तर आपल्या तालुक्याचा नकाशा हाय. मला तेव्हा कुणी जिल्ह्याची कलेक्टर केली असती तरी एवढं सुख झालं नसतं. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तू चेष्टा केली असतीस.

वहिनीचं मी थोडक्यात आवरते. माधवनगरची पोरगी, बाप मिलमध्ये, लग्नानंतर तुझ्याबरोबर धड तीन महिने काढलेले. तू असा आल्यावर आठ महिने राहिली आणि एक दिवस भावाबरोबर निघून गेली. मी वर्षभर तिला शिव्या घातल्या. पुढंपुढं माझ्या स्वतःच्या मनात काहीबाही यायला लागलं, तेव्हा मी तिला शिव्या घालायचं बंद केलं.

आता माझ्या लग्नाकडे येते. मला लग्न करायचं नाही, असं मी गावभर सांगत होते. तू ते ऐकून घेत होतास आणि माझ्यामागं मामांना स्थळं बघायला पिटाळत होतास. कवठे महांकाळचे गुरुजी बघायला आले तेव्हा मला वाटलं, तुलाच भेटायला आलेले कुणी आहेत. चहा देऊन आत आले तर मामी हसत होती. त्या दिवशी मी तुझ्याशी जन्मात भांडले नाही एवढं भांडले. मी गेल्यावर तुला कोण वळवणार, पट्टी कोण करणार? आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला भाकरी आणि तव्यातला फरक कळेना. तुझं उत्तर तयार होतं.

"आई हाय, शेजारची मान्सं हायत. तू काय जलमभर माझ्या ढुंगणाकडं बघत बसनार हैस व्हय, सुमे?"

मी तावातावानं स्वयंपाकघरात गेले आणि तिथं चुलीपुढं बसून हसले. तुझा हा एक गुण फार वाईट होता. माणसाला रागावूही द्यायचा नाहीस नीट.

शेवटी मी हो म्हटलं, ते एका अटीवर. कन्यादान मामा-मामींनी करायचं. तू मांडवाच्या कडेला तुझ्या खाटेवर पडून राहायचं, अक्षतांपुरतं अर्धा तास टेकून बसायचं, तेही ट्यूब खाली घेऊन. तू माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिलास. मामांच्या, आईच्या देखत दिलास. माझ्या डोक्यावर ठेवलेला तो हात लबाड होता, हे मी आज इथं लिहून ठेवते.

लग्नाच्या दिवशी मी आत गौरीहरापाशी बसले होते, मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. बाहेर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तू सकाळीच चुलतभावांना बोलावलंस. धोतर नेसवून, फेटा बांधून घेतलास आणि साडेनऊलाच मांडवात लाकडी पाटावर मांडी घालून बसवून घेतलंस. तुझ्या पायांची मांडी त्यांनी हातानं घातली. पाठीमागं धान्याचं पोतं टेकू म्हणून लावलं. इतक्या लवकर का, तर वऱ्हाड यायच्या आधी. नवऱ्याकडच्या लोकांनी तुला उचलून आणताना बघायला नको होतं. मांडवात पाऊल टाकल्याबरोबर त्यांना यजमान पाटावर बसलेला दिसायला हवा होता, कुणाही भावासारखा. लघवीची नळी धोतरात लपवलीस आणि ती वाहू नये म्हणून आदल्या दुपारपासून पाणी प्यायला नव्हतास. मामा म्हणाले, आरं, आम्ही हाय की. तू म्हणालास, बहीण माझी हाय, हात मीच देणार. मग भटजींनी अडचण काढली की कन्यादानाला जोडपं लागतं. यजमानाची बायको हयात आहे पण जवळ नाही, तर कमरेला सुपारी खोचायची, ती बायकोच्या जागी. तू म्हणालास, खोचा.

आणि वऱ्हाडाचा ट्रक तासगावच्या अलीकडे पंक्चर झाला. साडेदहाचं वऱ्हाड बाराला आलं. अक्षता साडेबाराला, मग कन्यादान, मग आहेर. कर्ण्यावरून एकेका मानकऱ्याचं नाव पुकारायचं, तो ओळीतून वाट काढत यायचा, त्याला फेटा बांधायचा, तो पुन्हा वाट काढत जायचा. तीन वाजता तुला उचललं. साडेपाच तास. ट्यूबेशिवाय, शिसवी लाकडावर. तुझ्या हाडांवर तेव्हा मांस तरी कुठं राहिलं होतं?

मी सासरी गेले. तू दर आठवड्याला पत्र लिहायचास, आणि प्रत्येक पत्रात तेच. सर्व खुशाल. आई वेळेवर वळवते. अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी मूर्खासारखी ती पत्रं ह्यांना वाचून दाखवायचे. आषाढात तुझ्या चिठ्ठीत चार ओळी कमी झाल्या, अक्षर खाली उतरायला लागलं. मी म्हटलं, पालथा पडून लिहीत असेल, चांगलंच आहे.

मग पंचमी आली. लग्नानंतरची पहिली पंचमी कुठल्या पोरीनं सासरी काढली आहे? माझ्या जावेनं माझ्यासाठी बांगड्या भरून ठेवल्या होत्या. आणि तू ह्यांना पत्र टाकलंस की गावात काविळीची साथ आहे, सुमनला पाठवू नये. बाजारात आपल्या गावची बाई भेटली, तिला विचारलं तर म्हणाली, कसली कावीळ? गाव कवाचं झोक्यावर चढलंय. मला वाटलं, मी जड झाले तुला. आता तुझं तू बघायला शिकलास आणि मला दारात उभं करायचं तुझ्या जिवावर आलं. मी कार्ड लिहिलं. बंद पाकीटसुद्धा घेतलं नाही, पोस्टमननं वाचलं तरी चालेल म्हणून उघडं कार्ड लिहिलं. तुला बहीण नको झाली असेल तर तसं कळव, मीही कुंडलची वाट विसरते. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. माझ्या हातचं तुला गेलेलं शेवटचं पत्र ते. ह्याबद्दल मी तुला क्षमा करणार नाही, दादा. खरं एका ओळीत लिहिलं असतंस तर मी ते कार्ड लिहिलं नसतं.

गौरी-गणपती झाल्यावर मामा स्वतः मला न्यायला आले. आम्ही थेट सांगलीला गेलो. वॉर्डाच्या दारातच मला वास आला. तो गोडसर कुजका वास मी झोपेतही ओळखीन. तू थंडीनं कुडकुडत होतास, अंगावर तीन कांबळी. मोठ्या सिस्टर तिथंच होत्या, त्यांनी मला ओळखलं आणि तुला कुशीवर केलं. बैठकीच्या डाव्या हाडावर जखम होती. तोंड चार आण्याच्या नाण्याएवढं. मी म्हणाले, एवढीशीच? त्यांनी सळई आत घातली. ती जात राहिली, वीतभर गेली, आणि आत हाडाला लागल्याचा आवाज आला.

आई काय करणार? तिला दिसत नव्हतं, ती बोटानं चाचपायची. तोंड बारीक होतंय असं बोटाला लागलं की तिला आनंद व्हायचा. देवापुढं साखर ठेवायची. पण तुला कळत होतं. तोंड मिटतंय आणि रोज संध्याकाळी ताप येतोय याचा अर्थ काय, हे त्या वॉर्डात पालथं पडून तू शंभर वेळा ऐकलं होतंस. आणि तू आईला सांगितलंस, भरत आली, सुमीला कळवू नगंस, उगा धावत येईल. आईच्या हातून साखर ठेववलीस. इतका दगड कसा झालास?

त्या संध्याकाळी ताप थोडा उतरला तेव्हा मी तुला विचारलं, आणि हे एवढंच आपलं पुरं झालेलं बोलणं.

"कवापास्नं हाय ही?"

"तुझ्या लग्नापास्नं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"व्हय. आले असते."

"आन् मग परत गेली नसतीस."

मग तू डोळे मिटलेस. या वेळी ते सोंग नव्हतं. थोड्या वेळानं सिस्टर पट्टी बदलायला आल्या तेव्हा मिटल्या डोळ्यांनीच म्हणालास, रिपोर्ट दे. मी म्हणाले, तळ वर येतोय, दाणे दिसायला लागलेत. पहिल्यांदाच खोटं बोलले. तू हसलास. विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टरांनी दोन दिवस सुया दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास, तेव्हा मी तुला वळवायला हात घातलेला होता.

दहाव्या दिवशी आईनं देव्हाऱ्यातून डबी काढली आणि माझ्या हातात सुपारी ठेवली. लग्नातली. त्या संध्याकाळी तुझं धोतर सोडलं तेव्हा ती कमरेला नव्हतीच. घसरून खाली गेली होती आणि तू तिच्यावर बसला होतास. आई म्हणाली, कातडीत रुतली होती, काढली तर खाली बोटाला खळगा लागला. पूजेतली सुपारी म्हणून तिनं ती धुऊन देवांजवळ ठेवली आणि खळग्याला हळद-तेल लावलं. चार महिने ती देव्हाऱ्यात होती, तिला रोज हळदकुंकू होत होतं. मी ती घेतली आणि उकिरड्यावर भिरकावली. बायको घर सोडून गेली तर जाऊ दे ना. तिच्या जागी सुपारी बसवून लोकांना काय दाखवायचं होतं तुला? मामा-मामी मेले होते का? माझा हात त्यांनी दिला असता तर मी गुरुजींची बायको थोडी कमी झाले असते का?

हे सगळं मी आईला बोलले, मामांना बोलले, ह्यांना बोलले. सगळे म्हणतात, त्याचा हट्ट, तू तरी काय करणार? आणि मी मान डोलावते. तुझ्यावर खापर फोडायला मला पंधरा दिवस बरे गेले. पण तुझ्याशी भांडायचं म्हणून बसले आहे, तर तुझ्यापुढं तरी अर्धं लपवता यायचं नाही.

मोठ्या सिस्टरांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. ती तुला माहीत नव्हती, कारण ती त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितली. त्या म्हणाल्या, याला खाली काही टोचलं, रुतलं, भाजलं तर कळणार नाही, पण शरीराला कळतं. अशा वेळी याचा चेहरा एकदम लाल होतो, कपाळावर घामाचे थेंब येतात आणि हातावर काटा उभा राहतो. असं दिसलं की आधी त्याला उचल आणि खाली काय आहे ते बघ, बाकी सगळं मग. चार वर्षांत मी ते दोनदा बघितलं होतं. एकदा गोधडीत विसरलेली टाचणी होती, एकदा नळी मुडपली होती.

अंतरपाट निघाला आणि तू मला पाटावर दिसलास. मग आपण समोरासमोर बसलो. मामी झारीतून पाणी सोडत होती, ते तुझ्या हातावरून माझ्या हातावर पडत होतं. तुझा हात माझ्या हाताच्या वर होता, दादा, आणि त्याच्यावर काटा उभा होता. तुझा चेहरा लालभडक झाला होता. कपाळावरून घाम फेट्याच्या काठात जिरत होता. बायका म्हणाल्या, बघा की भावाची माया, कसा दाटून आलाय. उन्हाचंच म्हणता आलं असतं सगळं, वैशाख होता, घाम सगळ्यांनाच आला होता. पण मला कळलं. त्या क्षणी कळलं, आणि तिथं बसलेल्या दोनशे माणसांत ते मला एकटीला कळलं होतं.

एक शब्द बोलायचा होता. त्याला उचला. मग चुलतभाऊ आले असते, काखेत हात घालून तुला उचललं असतं. ओलं धोतर दिसलं असतं, नळी दिसली असती, माझ्या सासूनं तोंडाला पदर लावला असता. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित लग्न तिथंच थांबलं असतं आणि मी पुन्हा घरात आले असते, गजर लावला असता. आणि मला जायचं होतं, दादा. लग्न नको म्हणून गावभर ओरडणाऱ्या तुझ्या बहिणीला मनापासून जायचं होतं. मला गुरुजी आवडले होते. मला एक दिवस तरी पू न बघता भाकरी खायची होती.

तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस. बोलू नकोस म्हणत होतास की उचल मला म्हणत होतास, ते मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा ठरवायची मला गरजही वाटली नाही. मी मान खाली घातली आणि तीन वाजेपर्यंत वर केली नाही.

शेजारून मामी कौतुकानं सगळ्यांना सांगत होती, पोरगी लाजली.